घराभोवतीची चाळीस पावले

कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेली एस.टी. मलकापूर मागे टाकते, आंबा गावात घटकाभर थांबते आणि मग घाट उतरू लागते. पावसाळ्यात या घाटात धुके आणि पाणी यांशिवाय दुसरे काही दिसत नाही. माघ-फाल्गुनात मात्र सगळी दरी उघडी पडते. खोलगट भागात हिरवे रान, उतारांवर पिवळे गवत, आणि त्या पिवळ्यात मध्येच शाईची दौत सांडावी तसे काळे डाग. ते डाग म्हणजे वणव्याच्या खुणा.

गेल्या माघात मी हा घाट उतरत होतो. शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. बाहेर बघून त्या म्हणाल्या, "यंदा लवकरच लागला म्हणायचा वणवा."

'लागला' हा शब्द किती सोयीचा आहे, असे माझ्या मनात आले. पाऊस लागतो, ऊन लागते, तसाच जणू वणवाही लागतो! आपल्या सह्याद्रीत वीज पडते ती बहुधा वळवाच्या सरींबरोबर. माघात आभाळ कोरडे असते. तेव्हा आग येते ती माणसाच्या हातातूनच. राब भाजताना उडालेली ठिणगी, न विझवता टाकलेली विडी, मधाच्या पोळ्याला दिलेला धूर, आणि 'गवत जाळले की पुढच्या साली दाट येते' ही जुनी समजूत. जाळलेल्या जागी पहिल्या पावसाबरोबर कोवळी हिरवळ दिसते हे खरे. पण गवतातला नत्र धुरावाटे निघून गेलेला असतो, राख पहिल्याच जोराच्या सरीत उतारावरून वाहून जाते, आणि कुसळीचे बी तेवढे मातीत रुतून शिल्लक राहते. दर साली जाळलेल्या माळावर शेवटी जनावराच्या तोंडाला टोचणारे गवतच वाढते.

पण आजचा विषय माळाचा नाही, घराचा आहे. साखरप्याला मी उतरलो तो एका घरासाठीच.

कलमांची यादी

साखरप्यापासून तीन-चार मैलांवर एक वाडी आहे. तिचे नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि त्यात वाडीची जाहिरात नको. वाडी डोंगराच्या उतारावर मध्यावर बसलेली. खाली पऱ्या आणि त्याच्या काठाने भाताची खाचरे. वर चढत गेले की कातळाचा सडा. मधल्या टप्प्यावर पंधरा-वीस घरे, चिऱ्यांचे गडगे, फणस, आंबे आणि दोन-चार माड.

मी कृषी पदवीधर होऊन १९९६ साली संगमेश्वर तालुक्यात रुजू झालो. रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना १९९० पासून चालू होती आणि कोकणातले उघडे वरकस डोंगर काजू-आंब्याने भरून जात होते. या वाडीतल्या तात्यांनी १९९७ च्या पावसाळ्यात घरामागच्या उतारावर वेंगुर्ला-४ काजूची कलमे लावली. सात-सात मीटरवर खड्डे, खड्ड्यात शेणखत आणि पाला, कलमाला काठीचा आधार, पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात मडक्याने पाणी. सगळे मी सांगितले आणि सगळे तात्यांनी केले.

त्या दिवशी तात्यांच्या पडवीशेजारी, वळचणीखाली, पावसाळ्यासाठी फाट्यांची मोठी रास रचलेली होती. तिला पाठ टेकून मी मांडीवर कागद धरला आणि कलमांची यादी लिहिली. ही रास इथे का, असे मी विचारले नाही. बागेभोवती जाळपट्टा काढा, हेही जाता जाता सांगितले असेन. घराभोवती काय आहे इकडे माझे लक्षच नव्हते. घर हा आमच्या खात्याचा विषय नव्हता ना!

फाल्गुनातली दुपार

सन २००१ चा फाल्गुन. शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतले होते. पऱ्याकाठी कोणीतरी भर दुपारी राब भाजायला घेतला. उन्हे चढली की कोकणात पश्चिमेचा वारा डोंगराच्या अंगाने वर चढू लागतो. ठिणगी बांधावरच्या गवतात पडली आणि आग चढाला लागली.

आगीचा एक गुण शेतकऱ्याने कायम ध्यानात ठेवावा. सपाटीपेक्षा चढावर ती फार वेगाने धावते. ज्वाळा वरच्या गवतावर झुकते, त्याला आधी सुकवते, तापवते आणि मग पेटवते. दर दहा अंश चढाला वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे वीस अंशांच्या डोंगरावर चौपट. माणूस चढावर पळताना दमतो, आग दमत नाही.

वाडीतले सगळे गडी हिरवे टहाळे घेऊन बागेकडे धावले. आग घरांच्या दोन्ही अंगांनी वर सरकली. तात्यांच्या घरापासून ती वीस-पंचवीस पावलांवरून गेली, घराला शिवलीसुद्धा नाही. बायकांनी गुरे सोडून दिली, पोरांना खाचरात नेले. बागेतली निम्म्याहून अधिक कलमे होरपळली. चौथ्या वर्षाची, मोहोर धरलेली कलमे!

अर्ध्या-पाऊण तासाने आग सड्यावर जाऊन कातळाला थडकली आणि निवली. माणसे घाम पुसत खाली वळली, तेव्हा तात्यांच्या घरातून धूर येत होता.

आग पुढे निघून गेली होती, पण तिने उडवलेले निखारे मागे राहिले होते. एखादा निखारा वळचणीखालच्या फाट्यांच्या राशीत शिरला असावा. तो तिथे धुमसत राहिला. फाट्यांवरून वाशाला, वाशावरून रिपांना आणि तिथून माळ्यावर भरून ठेवलेल्या पेंढ्याला आग लागली. पाण्याच्या चार कळशांनी काय होणार? दिवेलागणीपर्यंत कौले फुटून खाली आली. जीवितहानी झाली नाही, एवढीच देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी नुकसानीच्या पाहणीसाठी मी तिथे गेलो. तात्या आंब्याखाली बसले होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. "बसा साहेब," एवढेच म्हणाले. आजही तो 'बसा' मला ऐकू येतो.

आणि तिथून तीस पावलांवर, थोड्या वरच्या अंगाला, काकींचे घर जसेच्या तसे उभे होते. मातीच्या भिंतींचे, दोन खणांचे, वाडीतले सर्वांत गरीब घर. मी विचारले, "काकी, तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार बाबा? मी रोजच्यासारखं झाडलेलं होतं."

मी भोवती पाहिले. सारवलेले अंगण भिंतीला चारही बाजूंनी वेढून होते आणि त्यावर काडीही नव्हती. न्हाणीचे पाणी पाटाने परसात सोडलेले, त्यावर केळी आणि अळू. पुढे चिऱ्यांचा गडगा. गडग्यापलीकडचे गवत काकींनी दिवाळीनंतरच गुरासाठी कापून नेलेले. पेंढ्याची उडवी घरापासून लांब, खाचराच्या कडेला. घरात गुरे एक, माणसे दोन, हाताला सवड नाही. पण झाडलोट होती, आणि तिनेच घर राखले.

समुद्रापलीकडचे फोटो

पुढे माझी बदली घाटावर झाली. ही गोष्ट मनात तशीच राहिली. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात पडद्यावर फोटो दाखवले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात पॅराडाइज नावाचे गाव आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी तिथे वणवा शिरला. ८५ माणसे गेली, अठरा हजारांवर इमारती राख झाल्या. फोटोत घरांच्या जागी नुसती राख आणि धुराडी होती. पण त्या राखेशेजारी झाडे उभी होती, आणि त्यांच्या शेंड्यांवर हिरवी पाने होती!

आग झाडावरून घरावर आली असती, तर झाड आधी जळले असते. म्हणजे घर पेटले ते उडत आलेल्या निखाऱ्यांनी, नाहीतर शेजारच्या पेटत्या घराने. तिथल्या वनखात्यातले जॅक कोहेन या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर हेच अभ्यासून सांगितले, की घर जळते की वाचते हे घर आणि त्याच्या भोवतीचे शंभर फूट ठरवतात. तिकडे आता घराभोवती तीन वेढे आखायला सांगतात: पाच फूट, तीस फूट आणि शंभर फूट.

मी खुर्चीत बसून हिशेब केला. पाच फूट म्हणजे दोन पावले, तीस फूट म्हणजे बारा पावले, शंभर फूट म्हणजे चाळीस पावले. डोळ्यांपुढे काकींचे अंगण उभे राहिले. तिने हे तीनही वेढे कुठल्या पुस्तकात वाचले होते?

तात्यांबरोबर चाळीस पावले

गेल्या माघात मी वाडीत पोहोचलो तेव्हा तात्या ओटीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. नवे घर चिऱ्याचे आहे. काकी आता नाहीत. त्यांच्या घरात त्यांची सून राहते. तात्यांनी काठी घेतली आणि म्हणाले, "चला साहेब, चहा होईस्तवर फिरून येऊ." मीही पावले मोजत निघालो.

पहिली दोन पावले भिंतीलगतची. इथे जळण्यासारखे काहीही नाही. फाट्या नाहीत, माडाचे झाप नाहीत, गोणपाट नाही, प्लॅस्टिकचे पाइप नाहीत. जमीन सारवलेली, मागच्या अंगाला चिऱ्याची फरसबंदी. तात्यांनी काठी वर करून पन्हळ दाखवली. "दर पंधरा दिवसांनी पोरगा पाचोळा काढतो. आग दारातून येत नाही साहेब, कौलातून येते." फुटकी कौले बदललेली होती आणि भिंत व कौल यांमधल्या फटींना बारीक लोखंडी जाळी मारलेली होती. माळ्यावर पेंढा ठेवणे त्यांनी कायमचे सोडले आहे.

तिथून बारा पावलांपर्यंत हिरवा वेढा. केळी, अळू, हळद, कर्दळ, जास्वंद. सगळे न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर जगलेले. पान रसरशीत असले की निखारा पडूनही चटकन धरत नाही. मात्र केळीचे वाळलेले पान तिथेच लोंबत ठेवले तर तीच केळ आगीला वाट देते, म्हणून वाळलेली पाने वेळच्या वेळी काढलेली. माडाच्या सुक्या झावळ्या उतरवलेल्या. आंबा-फणसाच्या खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटलेल्या, म्हणजे खालची आग शेंड्यात चढत नाही. पाचोळा जाळायचा नाही. तो अंगणापासून लांब नाडेपच्या हौदात शेणकाल्याबरोबर भरून ओला ठेवायचा. दुसऱ्या पावसाळ्याला तेच खत बागेला.

मी विचारले, "कुंपणाला काय लावलंय?"

"घायपात आणि निवडुंग. तुमच्या वेळची निलगिरी काढून टाकली."

तीही मीच सुचवली होती! निलगिरीच्या पानात तेल असते, तिची साल सुटून वाऱ्यावर उडते. सुरूचा पाचोळा आणि बांबूचे सुके बेट यांचेही तसेच. ही झाडे वाईट नाहीत, पण त्यांची जागा घरापासून दूर आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अजिबात न जळणारे झाड जगात नाही. लवकर पेटणारे आणि उशिरा पेटणारे, एवढाच भेद असतो. घायपातही वाळून गेली की जळते.

पुढे चाळीस पावलांपर्यंत तिसरा वेढा. इथले गवत टाचेएवढे कापलेले, पण उपटलेले नाही. ही बारकाई महत्त्वाची आहे. कोकणच्या उतारावर जमीन उकरून बोडकी केली, तर आगीपासून वाचवलेली माती आषाढात पऱ्याला जाऊन मिळते. मुळे राहू द्यावीत, वरचे गवत घ्यावे. रानमोडी आणि घाणेरी मात्र समूळ काढावी, कारण तिची वाळलेली झुडपे भडकतात. खालच्या, म्हणजे पऱ्याच्या अंगाला तात्यांनी चाळीसऐवजी साठ पावले साफ ठेवली आहेत, कारण आग चढून येते ती तिकडून. फाट्यांची रास आणि पेंढ्याची उडवी याच वेढ्यात, घराच्या आडव्या अंगाला, आणि त्यांच्याभोवतीही दहा पावले स्वच्छ जागा.

"पहिल्या दोन पावलांना किती खर्च आला?" मी विचारले.

तात्या हसले. "झाडूचे पैसे तेवढे."

बंद घरांचा प्रश्न

फिरताना एका गोष्टीने मी थबकलो. वाडीतल्या निम्म्या दारांना कुलपे आहेत. माणसे मुंबई-पुण्याला, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी येतात. पूर्वी गुरे होती, तेव्हा दारापर्यंतचे गवत गुरेच संपवत. आता गुरे कमी झाली, खाचरे पड राहिली आणि गवत उंबऱ्याशी आले. आपल्या घराभोवती चाळीस पावले साफ केली, तरी शेजारचे बंद घर पेटले तर त्याचे निखारे आपल्याच कौलांवर पडणार. वणव्यापुढे एकेकट्याचे अंगण पुरत नाही.

यावर वाडीने आपला मार्ग काढला आहे. वर्षातून दोन दिवस सगळ्यांनी मिळून साफसफाई करायची. पहिला दिवस दत्तजयंतीच्या सुमारास. तेव्हा गवत अजून पुरते वाळलेले नसते, वैरण म्हणून उपयोगी पडते. दुसरा दिवस शिमग्याच्या आधी. चाकरमानी येऊ शकले तर हात लावतात, नाहीतर ग्रास कटरच्या पेट्रोलचे पैसे पाठवतात. बंद घरांच्या पन्हळी आणि अंगणे आधी, मग स्वतःची. राब भाजायचा तर वारा पडल्यावर, भोवती जागा साफ करून, पाण्याचे पिंप जवळ ठेवून आणि शेजाऱ्यांना सांगून. काहींनी राब सोडून गादीवाफ्यावर रोपे करायला सुरुवात केली आहे. मला विचाराल तर तोच पुढचा रस्ता आहे.

आता वनखात्यालाही आगीची खबर उपग्रहावरून मिळते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीचे ठिकाण मोबाइलवर कळवते. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आणि तातडीचा क्रमांक ११२ हे दोन्ही आकडे दारामागे खडूने लिहून ठेवावेत. पण डोंगरातल्या वाडीवर गाडी पोहोचायला वेळ लागतो, आणि निखारा तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून वणवा दिसताच म्हातारी माणसे, पोरे आणि गुरे नांगरलेल्या किंवा ओल्या खाचरात न्यावीत, डोंगराच्या वरच्या अंगाला कधीही नेऊ नयेत. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. आणि आग पुढे गेली की बागेकडे धावण्याआधी, किंवा बागेत माणसे असतील तर दोघांना मागे ठेवून, घराची वळचण, पन्हळ आणि माळा नीट बघावा. ठिणगी धुमसते ती तेव्हा. पुढचे चार-सहा तास पहारा सोडू नये. तात्यांचे घर गेले ते वणवा गेल्यावर, हे विसरू नका.

निघताना

संध्याकाळी निघताना मी शेवटी तोंड उघडले. "तात्या, त्या फाट्यांना टेकून मी बसलो होतो. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काकी माझ्या कारभारणीला दरसाल सांगायची, फाट्या लांब ठेव म्हणून. आम्ही हसायचो. तुम्ही परके, साहेब. घरचं माणूस सांगत होतं, ते नाही ऐकलं."

वरच्या अंगाला काकींची सून केर काढत होती. खराट्याचा आवाज सारखा येत होता. साखरप्याची गाडी पकडायची होती म्हणून मी पाऊल उचलले, पण कान तिकडेच होते.

वाचकहो, आमच्या खात्याच्या पुस्तकात खड्डा किती खोल घ्यावा, खत किती घालावे हे सगळे लिहिलेले असते. घराभोवतीची चाळीस पावले त्यात शोधून मला सापडली नव्हती. तुम्ही सह्याद्रीच्या कुशीत राहत असा, मेळघाटात असा की गडचिरोलीच्या रानाकाठी, हा अंक खाली ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन एकदा घराभोवती फिरा. दोन पावले, बारा पावले, चाळीस पावले. वळचणीखाली काय रचले आहे ते बघा. आणि घरातली म्हातारी काही सांगत असेल, तर आधी तिचे ऐका.